कथलाचा वाघ

पहिली, चोविसावी, पुन्हा पहिली.

आमच्या सासरी घराण्याचा इतिहास एवढ्यात आटोपायचा. सांगणारी माझ्या नवऱ्याची आत्या. लहानथोर सगळे तिला तमिळ पद्धतीनं ‘अत्ते’ म्हणत. लग्न होऊन नागपूरहून आलेली मीही तसंच म्हणू लागले. चेन्नईतल्या पुरसवाक्कमच्या घरात दुपारच्या कॉफीनंतर ती पूर्वजांचं बोलायला लागली की हे आकडे हटकून यायचे. कसली पहिली आणि कसली चोविसावी, असं विचारलं की उत्तर मिळायचं, “आमची पलटण.” त्यापलीकडे तिलाही ठाऊक नव्हतं. तिच्या आजीनं तिला तेवढंच दिलं होतं आणि तिनं ते जसंच्या तसं जपलं होतं. नव्या पिढीतली मुलं हसायची. म्हातारीचा हिशेब चुकतोय, पहिलीनंतर दुसरी येते, असं म्हणायची.

तंजावरी मराठी माणूस म्हटला की महाराष्ट्रात लोकांच्या डोळ्यांपुढे सरफोजी राजे येतात, सरस्वती महाल ग्रंथालय येतं, बृहदीश्वराच्या देवळात कोरलेला भोसल्यांचा इतिहास येतो, आणि सांबाराच्या जन्माची ती कथा येते, जिला भक्कम आधार नाही पण जी सांगितल्याशिवाय कुणी राहत नाही. चेन्नईतल्या मराठी मंडळींना विचाराल तर ती दिवाणांची नावं घेतील: त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचं दिवाणपद सांभाळलेले सर टी. माधवराव, त्यांचे चुलतबंधू दिवाणबहादूर आर. रघुनाथराव. ही सगळी लेखणीची माणसं. पण १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांबरोबर तंजावरला जे लोक स्थिरावले त्यांत घोडेस्वार आणि पायदळही होतं. त्यांच्या नातवा-पणतवांचं काय झालं, हे सहसा कुणी विचारत नाही.

झालं असं. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबानं कंपनीच्या फौजेच्या जोरावर तंजावर घेतलं. १७७६ मध्ये तुळजाराजांना राज्य परत मिळालं, पण किल्ल्यात कंपनीचं सैन्य येऊन बसलं ते कायमचं. १७९९ च्या तहानं सरफोजींकडे किल्ला आणि आसपासचा मुलूख तेवढा राहिला. राजाला सैन्याची गरज उरली नाही, शिपायाला मात्र पोट होतंच. शेजारी कंपनीची पलटण भरती करत होती आणि पगार बऱ्यापैकी वेळेवर देत होती. मद्रास आर्मीच्या जातवार पटात मुसलमान, तेलंगा, तमिळ यांच्या बरोबरीनं मराठ्यांचाही रकाना असायचा. आमच्या घरचा पहिला शिपाई त्या रकान्यातला. त्याचं नाव घरात कुणालाही माहीत नाही. सर्वपित्रीला अत्ते त्याला ‘शिपाय आजोबा’ म्हणूनच हात जोडायची.

अत्तेची दुसरी गोष्ट बिल्ल्याची. टिपूच्या लढाईचा एक बिल्ला म्हणे घरात होता. त्यावर सिंहानं वाघाला खाली पाडलेलं, आणि बिल्ला होता कथलाचा. तिच्या पणजीनं तो ईयचोंबू करणाऱ्याला देऊन टाकला. ईयचोंबू म्हणजे रसम करायचं कथलाचं भांडं. त्यातल्या रसमाची चव दुसऱ्या भांड्यात येत नाही असा इकडे ठाम समज आहे, आणि रिकामं विस्तवावर राहिलं तर बघता बघता वितळतं. “आपण श्रीरंगपट्टणाचं रसम पितो,” असं मामंजी म्हणायचे, आणि अत्ते रागवायची.

मला ही गोष्ट दंतकथाच वाटायची. पण श्रीरंगपट्टणाच्या पदकाचं वर्णन वाचल्यावर लक्षात आलं की म्हातारीची बारकाव्यांत एकही चूक नव्हती. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, आणि त्या मोहिमेतल्या सगळ्यांसाठी कंपनीनं पदक काढलं. एका बाजूला ब्रिटिश सिंह वाघाच्या उरावर, दुसऱ्या बाजूला किल्ल्यावरचा हल्ला. धातू मात्र पायरीप्रमाणे: सर्वांत वरच्यांना सोनं, मग सोन्याचा मुलामा, मग चांदी, मग ब्राँझ, आणि साध्या शिपायाला कथील. पदकं बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत पाडली गेली आणि इकडे वाटली गेली ती १८०८ च्या सुमारास. घरातला बिल्ला कथलाचा होता, म्हणजे आजोबा सुभेदार वगैरे काही नव्हते. दरम्यानच्या पिढ्यांनी त्यांना हळूहळू बढती देत सुभेदारपदापर्यंत नेलं होतं. अशा बढत्या बहुतेक घराण्यांत मिळतात. आमच्याकडे कथलानं ती रोखली.

पलटणीचं कोडं मात्र एग्मोरला सुटलं. स्टेशनासमोरच्या लाल इमारतीत तमिळनाडू अभिलेखागार आहे, जुनं मद्रास रेकॉर्ड ऑफिस. लेफ्टनंट कर्नल डब्ल्यू. जे. विल्सन यांनी मद्रास आर्मीचा पाच खंडांचा इतिहास लिहिला. तो १८८२ ते १८८९ या काळात मद्रासच्या सरकारी छापखान्यातून निघाला. रुक्ष पुस्तक आहे. कुठली पलटण कुठून कुठे गेली, किती मेले, कुणाचा तंबू कुठे होता, असल्या तपशिलांची रास. कादंबरीसारखं वाचायला जाल तर तिसऱ्या पानावर झोप लागेल. पण अत्तेचे आकडे डोक्यात ठेवून वाचलं तर अंगावर काटा येतो, कारण पहिली, चोविसावी, पुन्हा पहिली हा क्रम त्यात नोंदलेला आहे.

या पलटणीचा वंश १७५८ पर्यंत मागे जातो. फ्रेंचांशी झगडा चालू असताना मेजर स्ट्रिंजर लॉरेन्सच्या काळात मद्रासच्या किनाऱ्यावरच्या सुट्या शिपायांच्या टोळ्यांतून कवायती बटालियन उभ्या राहिल्या, त्यांतली ही एक; पुढे तिला पहिल्या रेजिमेंटची पहिली बटालियन म्हणू लागले. १८०६ मध्ये तिच्या सहा कंपन्या वेल्लोरच्या किल्ल्यात होत्या. बाकीची गोष्ट शाळेत शिकवतात, महाराष्ट्रात जरा कमी. सरसेनापती सर जॉन क्रॅडॉक यांच्या हुकमानं शिपायांनी कपाळाला गंध लावायचं नाही, कानात बाळी घालायची नाही, दाढी काढायची, आणि डोक्यावर नव्या तऱ्हेची पगडी घालायची. ती साहेबाच्या टोपीसारखी दिसायची आणि तिला चामड्याचा तुरा होता. टोपी घातली की बाटलो, ही भीती. १० जुलै १८०६ च्या पहाटेपूर्वी पहिली आणि तेविसावी या दोन्ही रेजिमेंटचे शिपाई उठले, गोऱ्या सैनिकांच्या बराकींवर गोळ्या झाडल्या, शंभराहून अधिक गोरे मारले, आणि किल्ल्यात नजरकैदेत असलेल्या टिपूच्या मुलांना पुढे करून म्हैसूरचं निशाण चढवलं. अर्काटहून कर्नल गिलेस्पी घोडदळ घेऊन धावला आणि दुपारच्या आत सगळं संपलं. किमान साडेतीनशे शिपाई मारले गेले. काही अंदाज त्याच्या दुप्पट आहेत. पकडलेल्यांपैकी काहींना तोफेच्या तोंडी दिलं.

शिक्षा म्हणून त्या दोन्ही रेजिमेंटचे नंबर सैन्याच्या यादीतून खोडले गेले. जे शिपाई निर्दोष ठरले किंवा त्या दिवशी किल्ल्यात नव्हते, त्यांच्या चोविसाव्या आणि पंचविसाव्या रेजिमेंट झाल्या. पहिलीची चोविसावी झाली ती अशी.

घरात वेल्लोरची आठवण सांगितली जायची तीही ऐकण्यासारखी. शिपाय आजोबांनी टोपी भिरकावली आणि साहेबाच्या छाताडावर नेम धरला. अत्ते हे सांगताना हात उंच करायची. आता हे आणि कथलाचा बिल्ला एकत्र बसवून बघा. वेल्लोरला ज्यानं साहेबावर नेम धरला तो एक तर त्याच दुपारी मेला, नाहीतर फासावर गेला, नाहीतर पळाला आणि पटावरून उडाला. १८०८ च्या सुमारास बिल्ला हाती पडला तो पटावर राहिलेल्याच्या. म्हणजे त्या पहाटे आमचे आजोबा किल्ल्याबाहेरच्या कंपन्यांत असणार, किंवा आत असून गप्प बसलेले. बंडखोर आणि पदकधारी अशा दोन्ही गोष्टी एकाच माणसाला चिकटवायचा मोह घरातल्या सगळ्यांना होता, अजून आहे. अमेरिकेत असलेल्या आमच्या एका पुतण्यानं मध्यंतरी वंशवृक्ष छापायला घेतला. तिकडे त्याच्या शेजारीण बाई ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन’च्या सभासद. १८९० पासूनची ती संस्था; त्यांच्या क्रांतियुद्धात पूर्वज लढला किंवा त्याला हातभार लावला, हे कागदोपत्री सिद्ध केलं की सभासदत्व मिळतं. त्यावरून या मुलाला वाटलं, आपणही आजोबांच्या नावापुढे ‘वेल्लोर उठावातील स्वातंत्र्ययोद्धा’ असं घालावं. मी फोनवर त्याला म्हटलं, “अरे, नाव कुठे आहे, ज्याच्यापुढे घालशील?” तो चिडला. पण ते छापलं गेलं नाही.

मग चोविसावीची पुन्हा पहिली कशी झाली? इथे गोष्ट माझ्या माहेरी येते.

नागपुरात वाढलेल्या प्रत्येक मुलाला सीताबर्डीचा किल्ला माहीत असतो. आत लष्कर आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीनच दिवशी लोकांना आत सोडतात, आणि आम्ही रांगेत उभे राहून जायचो. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सची तुकडी यांच्यात लढाई झाली. अप्पासाहेबांकडे हजारो लोक, त्यांत चिवट अरब. टेकडीवर इंग्रजांकडे जेमतेम दीड हजार. हे आम्ही शाळेत पाठ केलं होतं. त्या दीड हजारांत मुख्य भरणा कुणाचा, हे पाठ करायला सांगितलं नव्हतं. बंगालच्या घोडदळाच्या तीन तुकड्या सोडल्या तर लढणारं पायदळ मद्रासचं होतं: विसाव्या रेजिमेंटची एक बटालियन आणि चोविसावीची एक. चोविसावी म्हणजे वेल्लोरची कलंकित पहिली.

रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी टेकडी धरून ठेवली. त्यांच्या बाजूचे साडेतीनशेहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. पलटणीच्या देशी अंमलदारांनी बक्षीस म्हणून काय मागितलं, तर आमचा जुना नंबर आणि डगल्याचा जुना रंग परत द्या. सरकारनं दिला. जमीन किंवा रोख मागता आली असती. अकरा वर्षांपूर्वी पुसलेला ‘पहिली’ हा शब्द त्यांना हवा होता. आमच्या घरात माणसाचं नाव विसरलं गेलं आणि पलटणीच्या नंबराची मागेपुढे झालेली चाल टिकली, ती यामुळेच असणार.

मी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा अत्तेनं “मग मी काय सांगत होते?” एवढंच म्हटलं आणि कॉफी संपवली. मामंजींना मात्र भलतीच मजा वाटली. “सुनेच्या गावावर आमच्या माणसांनी गोळ्या झाडल्या आहेत, तिच्याशी जपून बोला,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

मला ती मजा पचायला जरा वेळ लागला. तंजावरच्या भोसल्यांच्या पदरी आलेल्या घराण्यातला शिपाई नागपूरच्या भोसल्यांवर गोळी झाडतो, आणि त्याबद्दल त्याच्या पलटणीला तिचं नाव परत मिळतं. एवढ्यावर ते थांबत नाही. १८५८ मध्ये जनरल व्हिटलॉकचा मद्रासी फौजफाटा बांदा आणि किरवीवर चालून गेला, त्यात ही पलटण होती. बांद्याचा नवाब अली बहादूर हा बाजीराव-मस्तानीच्या वंशातला. किरवीचे नारायणराव आणि माधवराव हे अमृतराव पेशव्यांच्या घराण्यातले. तिथे सापडलेल्या लुटीच्या वाटणीवरून इंग्रज अधिकारीच पुढे लंडनच्या न्यायालयात भांडले. मद्रासच्या इतर पलटणींचा हिशेब मांडायचा तर असई आहेच. २३ सप्टेंबर १८०३, आजच्या जालना जिल्ह्यात, शिंदे-भोसल्यांच्या तोफांसमोर आर्थर वेलस्लीचं जे सैन्य गेलं त्यात गोऱ्या रेजिमेंट थोड्या आणि मद्रासचे शिपाई जास्त. आजच्या भारतीय सैन्यातल्या मद्रास रेजिमेंटच्या मानचिन्हावरचा हत्ती असईचाच आहे.

त्या शिपायांना आपण मराठ्यांविरुद्ध लढतोय असं वाटत असेल का? मला नाही वाटत. ‘महाराष्ट्र’ त्यांच्या लेखी एक लांबची आठवण होती, कुलदेवतेच्या नावापुरती. पलटण हे गाव होतं, आणि मद्रास आर्मीत तर अक्षरशः. बंगालच्या शिपायाचं कुटुंब अवधमध्ये गावी राहायचं. मद्रासी शिपाई बायकापोरांसकट फिरायचा. छावणीत लायनीमध्ये त्याची झोपडी असायची, त्यात म्हातारी आई, बायको, धाकटे भाऊ. शिपाई मेला तर त्याचं अल्पवयीन पोर पटावर घेतलं जायचं, थोडा पगार मिळायचा, आणि मोठं झालं की तेच पोर बंदूक उचलायचं. पलटण समुद्रापार गेली तर पगाराचा हिस्सा मागे राहिलेल्या कुटुंबाला मिळण्याची सोय होती. बंगालच्या पलटणींत काळ्या पाण्यावरून खळखळ व्हायची, तेव्हा मद्रासचे शिपाई मनिला, जावा, ब्रह्मदेश, चीन असे फिरून आले होते. १८४१ मध्ये कँटनजवळ सदतिसाव्या मद्रास रेजिमेंटची एक कंपनी धो धो पावसात वाट चुकून अडकली. दारू भिजल्यामुळे बंदुका उडेनात, तर नुसत्या संगिनी रोखून चौकोन करून उभी राहिली. अशा सगळ्यासाठी महिन्याला रुपये सात.

हे कळल्यावर घरातल्या बायकांच्या नावांचा उलगडा झाला. अत्तेच्या बोलण्यात एक कामठीआजी यायची, एक मोलमेनकाकू, एक जालनेवाली. मी समजत होते की ही त्यांच्या माहेरची गावं. ती त्यांची जन्मठिकाणं होती, आणि ही तिन्ही ठिकाणं म्हणजे लष्करी छावण्या. नागपूरजवळची कामठी छावणी मद्रास आर्मीच्या फौजेसाठी वसली, आणि ब्रह्मदेशातल्या मोलमेनलाही मद्रासच्या पलटणी मुक्कामाला असत. कामठीआजीचं सगळं बालपण माझ्या आईच्या घरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर गेलं असेल, आणि दोन्ही घरांना एकमेकांचा पत्ता नव्हता. पुरुषांची नावं विसरली गेली, बायकांच्या नावांत मात्र पलटणीचा सगळा प्रवास राहिला.

फोर्ट सेंट जॉर्जमध्ये सेंट मेरीज चर्च आहे, १६८० चं. भिंतींवर संगमरवरी पाट्याच पाट्या: अमका कॅप्टन, तमका लेफ्टनंट, कुणी तापानं गेला, कुणी लढाईत. मी तिथे रविवारची गर्दी ओसरल्यावर गेले होते. एकाही शिपायाचं नाव मला दिसलं नाही. शेजारच्या संग्रहालयात पदकांची कपाटं आहेत, तिथेही मानाची जागा अधिकाऱ्यांची. १७९९ ते १८२६ या काळातल्या लढायांसाठी ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक निघालं, त्यावर असईची आणि सीताबर्डीची पट्टी होती; पण ते मंजूर झालं १८५१ मध्ये आणि जिवंत असणाऱ्यांनाच मिळालं. सीताबर्डीला विशीत असलेला माणूस तेव्हा पन्नाशी ओलांडून गेलेला.

स्तंभावर शिपायांची नावं कोरलेली हवी असतील तर भीमा कोरेगावला जायला लागतं. १ जानेवारी १८१८ च्या त्या लढाईत मुंबईच्या पायदळाबरोबर मद्रास तोफखान्याच्या दोन तोफाही होत्या, हे सहसा सांगितलं जात नाही. तिथल्या स्तंभावर महार शिपायांची नावं आहेत, आणि १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथे गेले ते त्या नावांसाठी. ज्यांना गावात पाणी मिळत नव्हतं त्यांनी पलटणीत मान मिळवला, याचा दगडी पुरावा तो होता. पुढे तीच पलटण त्यांना बंद झाली. १८९० च्या दशकात महारांची भरती थांबली, त्याविरुद्ध सेवानिवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. भरती बंद करण्यामागे लढाऊ जमातींचा जो सिद्धान्त होता, त्याचा मोठा पुरस्कर्ता लॉर्ड रॉबर्ट्स. तो १८८१ ते १८८५ मद्रासचा सरसेनापती होता, आणि मद्रासी शिपायात दम नाही हे मत त्यानं इथेच पक्कं केलं. मद्रासच्या पलटणी एकेक करून कमी झाल्या. आमची पहिली पायोनिअर म्हणून टिकली, १९०३ मध्ये एकसष्टावी झाली, आणि १९३३ मध्ये मोडली गेली. रस्ते खणणारी, पूल बांधणारी पलटण. अत्तेच्या वडिलांच्या हातात बंदुकीपेक्षा फावडं जास्त होतं, हेही ती कधी सांगायची नाही.

वेल्लोरच्या उठावाला दोनशे वर्षं झाली तेव्हा, २००६ मध्ये, टपाल खात्यानं तिकीट काढलं. ते योग्यच झालं. पण त्या किल्ल्यावर चालून आलेल्यांत गिलेस्पीबरोबर मद्रासचं देशी घोडदळही होतं, आणि त्यांचेही वंशज आज याच शहरांत राहतात. त्यांनी काय करायचं? पूर्वजाला एक तर देशभक्त ठरवायचं नाही तर दडवायचं, एवढेच दोन मार्ग आपण ठेवले आहेत. माझ्या मते दोन्ही भ्याडपणाचे आहेत. सात रुपयांवर चाकरी करणारा, बायकापोरांना पाठीशी घेऊन अर्धं जग चाललेला, ज्यानं मीठ दिलं त्याच्याकडून लढलेला, आणि एकदा टोपीवरून सगळं उधळून देणारा किंवा उधळणाऱ्यांकडे बघत उभा राहिलेला, असा तो माणूस होता. आमच्या वंशवृक्षात आता त्याच्या चौकटीत लिहिलं आहे: शिपाई, पहिली मद्रास पलटण, श्रीरंगपट्टण १७९९, वेल्लोरनंतर पटावर कायम. पुतण्याला ते अजून आवडलेलं नाही.

ज्यांची घरं तंजावर, वेल्लोर, बंगळूर, सिकंदराबाद, कामठी किंवा बेल्लारीकडची आहेत त्यांना एक सांगणं आहे. पंजाबातल्या लोकांचं नशीब बरं. पहिल्या महायुद्धातल्या तिथल्या सव्वातीन लाख सैनिकांच्या नोंदवह्या लाहोर संग्रहालयात सापडल्या आणि २०२१ पासून लोकांसाठी खुल्या होऊ लागल्या. आपल्याकडे मद्रासच्या शिपायांसाठी अशी गावनिहाय यादी हाताशी नाही, आणि आडनाव न लावणाऱ्या, ‘राव’ एवढंच लावणाऱ्या माणसांना नावावरून शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. घरातल्या वृद्धांना नाव विचारू नका. पलटणीचा नंबर विचारा, कोण कुठल्या छावणीत जन्मलं ते विचारा, बायकांना कुठल्या गावावरून हाक मारत ते विचारा, आणि त्यांनी सांगितलेला आकडा हास्यास्पद वाटला तरी तसाच लिहून घ्या. मोडीतली किंवा इंग्रजीतली पेन्शनची जुनी कागदपत्रं ट्रंकेत असतील तर रद्दीत घालण्याआधी त्यांचे फोटो काढा. अत्ते गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिच्या आणखी कितीतरी गोष्टी मी तेव्हा लिहून घेतल्या नाहीत. तुमच्या घरी सांगणारं कुणी असेल तर या आठवड्यातच बसा त्यांच्याजवळ.